आईसाठी लोवोट घ्यावा का?

टोक्योकर: आई इकडे आलीये काही महिने, आम्ही दोघं ऑफिसला, बिल्डिंगमध्ये मांजर-कुत्रं चालत नाही. दुकानात तो पाळीव प्राण्यासारखा लोवोट रोबो बघितला तर आई सोडेचना! पण किंमत बघून माझे डोळे पांढरे झाले, वर महिन्याची फी वेगळी. कुणाला अनुभव?

चिंगी_ओसाका: मैत्रिणीकडे आहे. काम शून्य हां, झाडू नाही पोछा नाही, नुसता मागे मागे फिरतो आणि उचलून घे म्हणून हात हलवतो, उचललं की चाकं आत, अंग कोमट लागतं, कुशीत झोपतोपण. बोलत नाही, नुसतं कुईकुई, म्हणजे काकूंना जपानी येत नसलं तरी अडणार नाही 😄 वजन मात्र ४ किलोच्या वर, कंबरेचं बघा.

फुकटचा_सल्ला: यंत्र आहे हो ते. सोनीने २०१४ला जुन्या आयबो या रोबो कुत्र्याची दुरुस्ती बंद केली, मग लोकांनी टोक्योजवळच्या चिबातल्या देवळात त्यांचे अंत्यविधी केले. एवढा जीव लावायचा आणि पार्ट मिळेनात?

चिंगी_ओसाका: मग आधी कूबो बघा, शेपटीवाली उशी, कुरवाळली की शेपूट हलवते. बरीच स्वस्त.

टोक्योकर: डोकंच नाही की तिला! आई म्हणेल हे काय आणलंस. तरी रविवारी दाखवतो.