लगूनला खाजण म्हणावं का? आणि टापाला वल्कल?

शिंपले:
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी पॉलिनेशियातल्या, म्हणजे पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या, चित्रांवर आणि छायाचित्रांवर लेख लिहितेय. लेख हातावेगळा झालाय, घोडं अडलंय ते चित्रओळींपाशी. संपादक म्हणतात, मजकुरात परके शब्द खुशाल येऊ देत, पण चित्राखालची ओळ वाचताना कुणी अडखळता कामा नये.

पहिला फोटो बोराबोराचा, विमानातून काढलेला. मधोमध ओतेमानूचा ७२७ मीटरचा काळा सुळका, भोवती फिकट निळं-हिरवं पाणी, मग फेसाची पांढरी रेघ आणि रेघेपलीकडे एकदम गडद समुद्र. त्या फिकट पाण्याला काय म्हणायचं? शाळेच्या भूगोलात लगूनला ‘खाजण’ दिलंय. दुसरा फोटो टोंगामधला. बायका मांडी घालून बसल्यात, समोर सालीचं लांबलचक कापड पसरलंय आणि त्या ते रंगवतायत. याला ‘टापा’ म्हणतात. मी ‘वल्कल’ लिहिलंय, पण मनाला पटत नाहीये. तिसरा, चेहऱ्यावर ‘मोको’ असलेल्या न्यूझीलंडच्या माओरी माणसाचा. तिथे ‘गोंदण’ चालून जावं.

दर्यावर्दी:
खाजण नको हो ताई! आमच्याकडे खाजण म्हणजे खाडीकाठची खारवट, चिखलाची जमीन. भरतीचं पाणी येतं-जातं, तिवरं माजलेली असतात, बांध घातला तर भात होतं. गोव्यात तर खाजणाची अख्खी शेतीच आहे, बांध आणि पाणी आत-बाहेर सोडणारं मानस घालून केलेली. बोराबोराच्या फोटोखाली ‘खाजण’ वाचलं की माझ्या नाकाला कुजक्या तिवरांचा वास येणार.

पाटीपेन्सिल:
पाठ्यपुस्तकाची बाजू मांडते, कारण वर्गात मीच ते शिकवते. वाळूचा दांडा किनाऱ्याला समांतर वाढत जातो, त्याच्या आत उथळ खारं पाणी अडतं, ते खाजण. चिल्का त्यातलं. एवढ्यापुरता शब्द बरोबर आहे. पण बोराबोराला वाळूचा दांडा नाही, प्रवाळाचा कठडा आहे. ज्वालामुखीचं बेट लाखो वर्षं खचत जातं, त्याच्या काठाला वाढणारं प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर चढत राहतं. बेट आणि प्रवाळ यांच्यात जी फट पडते, तिथे हे पाणी. बेट पुरतं बुडालं की उरतं ते नुसतं कंकणद्वीप. तेव्हा बोराबोराला चुकून कंकणद्वीप लिहू नका, तिथे डोंगर अजून शाबूत आहे. कंकणद्वीप हवं असेल तर तुआमोतू द्वीपसमूहातलं रांगिरोआ घ्या.

परिभाषेत लगूनला ‘खारकच्छ’ असाही शब्द आहे. तो चित्राखाली घालून पाहा आणि संपादकांचा चेहरा कसा होतो ते कळवा.

अवकाळी:
लगूनच लिहा की! लक्षद्वीप-मालदीवच्या सहलींच्या जाहिरातींनी हा शब्द केव्हाच घरात आणलाय. मराठी शब्दाच्या हट्टापायी वाचकाला कोड्यात का टाकायचं?

शिंपले:
अवकाळी, पटतंय. पण नुसतं ‘बोराबोराचं लगून’ ही ओळ अगदीच सहलीच्या पत्रकातली वाटते.

पाटीपेन्सिल:
मग डार्विनचा आधार घ्या. नोव्हेंबर १८३५ मध्ये तो ताहितीला होता. तिथल्या डोंगरउतारावरून त्याला समोरचं मोरिआ बेट दिसलं (तेव्हाचं नाव एइमेओ) आणि ते त्याला चौकटीत बसवलेल्या छापचित्रासारखं वाटलं. फुटणाऱ्या लाटा म्हणजे चौकट, आतलं संथ पाणी म्हणजे चित्राभोवती सोडलेला कोरा कागद, आणि बेट म्हणजे चित्र. छायाचित्रांवरच्या लेखात याहून चपखल काय मिळणार? आणि हे त्यानं जमिनीवर उभं राहून पाहिलंय, विमानं यायच्या कितीतरी आधी.

बोरकूट:
ताहितीच्या भाषेत या पाण्याला ‘ताइरोतो’ म्हणतात. ‘ताइ’ म्हणजे समुद्र, ‘रोतो’ म्हणजे आत. बाहेरचा खोल महासागर तो ‘मोआना’. ‘आतला समुद्र’ असं लिहिलंत तर शब्द मराठी आणि नजर तिथल्या माणसाची.

दर्यावर्दी:
‘आतला समुद्र’ झकास. माझी हरकत संपली.

बोरकूट:
आता कापडाकडे वळते, कारण कापड हा माझा प्रांत. आधी ‘टापा’ या स्पेलिंगचं बघा. मराठीत टापा घोड्याच्या. ‘टोंगाच्या टापा’ अशी ओळ छापलीत तर निम्मे वाचक पुढे टांगा शोधतील. पॉलिनेशियातला त हा इंग्रजीतल्यासारखा जाड नाही, आपल्या ‘त’च्या जवळचा आहे. आपण ताहिती नीट ‘त’नं लिहितो आणि बाकीच्यांना इंग्रजीमार्गे ‘ट’ लावतो. म्हणून तापा, ताताऊ म्हणजे गोंदण, आणि तापू म्हणजे पवित्र म्हणून वर्ज्य.

आता वल्कल. वस्तू म्हणून शब्द चुकीचा नाही. कागदी तुतीचा सरळसोट दांडा तोडतात, साल सोलतात, बाहेरची खरबरीत साल खरवडून टाकतात आणि आतली पांढरी साल भिजवतात. मग लाकडाच्या लांब ठोकळ्यावर ती ठेवून चौकोनी दांडक्यानं बडवायची. या दांडक्याला टोंगात ‘इके’ म्हणतात. त्याच्या बाजूंना खाचा असतात, खोल खाचांच्या बाजूनं सुरुवात आणि सपाट बाजूनं शेवट. बडवता बडवता चार बोटांची पट्टी रुंदीला कितीतरी पट पसरते. विणकाम नाही, माग नाही, सूत नाही. पट्ट्या एकमेकींवर तिरक्या-उभ्या चढवून खळीनं चिकटवतात. टोंगात नक्षी हातानं काढण्याआधी खाली ‘कुपेसी’ ठेवतात, म्हणजे पानं आणि नारळाच्या हिरांचे उठाव शिवून केलेला साचा. वरून कापडावर रंगाचा बोळा घासला की नक्षी उमटते. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना शाळेत, तसंच. मग त्यावर गडद रेघा. शिंपले, तुमच्या फोटोतल्या बायका बहुधा याच शेवटच्या कामात असणार.

पण ‘वल्कल’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं? राजवस्त्रं उतरवून वनवासाला निघालेला राम. वल्कल म्हणजे वैराग्य. टोंगात नेमकं उलटं आहे. तिथे हे कापड म्हणजे घराची श्रीमंती. लग्नात देतात, मयतीला देतात, राजघराण्याच्या समारंभात त्यावरून चालतात. ज्या कापडावरून राजा चालतो त्याला वल्कल म्हटलं तर शब्दाचा अर्थ राहील आणि चित्राचा जाईल.

अवकाळी:
मग ‘सालीचं कापड’ म्हणा. साधं, सरळ. ‘सालवस्त्र’ वगैरे घडवू नका, ते लगेच अनुवादित वाटतं.

दर्यावर्दी:
‘सालीचं कापड’ला माझं मत. साळीचं नव्हे, मुद्रितशोधकांना बजावून ठेवा.

बोरकूट:
हो, आणि ‘तापा’ हे सगळीकडचं नावही नाही बरं का. टोंगात तयार, रंगवलेल्या कापडाला ‘ङातू’, सामोआत ‘सिआपो’, हवाईत ‘कापा’. हवाईत जुन्या त चा क झालाय, म्हणून तापू तिकडे कापू. टोंगाचा फोटो आहे तर नाव टोंगाचं द्यावं, या मताची मी आहे. आणि हो, ङातूच. ‘न्गातू’ नाही. आयुष्यभर वाङ्मयात एकदाच भेटणाऱ्या ङ ला निदान पॅसिफिकात तरी शब्दाच्या सुरुवातीला बसू द्या! देवनागरीत जे अक्षर आयतं आहे, त्यासाठी इंग्रजांना दोन अक्षरं लागतात.

पाटीपेन्सिल:
सामोआत तर नुसतं जी लिहितात आणि उच्चार ङ करतात. त्यामुळे अमेरिकन सामोआचं ते गाव आपण नकाशात ‘पागो पागो’ वाचतो, ते मुळात ‘पाङो पाङो’.

अवकाळी:
मुलं ङ चा उच्चार कसा करायचा ते विचारतात तेव्हा आता हे उदाहरण देणार.

गारगोटी:
उशिरा आले. गोंदणाबद्दल कुणी काहीच बोललं नाही? इंग्रजी टॅटू हा शब्दच मुळात तिकडचा. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत, १७६९ मध्ये ताहितीला जहाज लागलं, तेव्हापासूनच्या नोंदींतून तो युरोपात पोचला. सामोआत ‘ताताऊ’ दाते असलेल्या हत्याराला काठीनं ठोकून करतात. आपली गोंदणारी बाई सुईनं टोचते. तरी शाई कातडीखाली जाते, खूण कायमची राहते, म्हणून ताताऊला गोंदण खुशाल म्हणा.

मोकोचं वेगळं आहे. माओरींचं जुनं हत्यार ‘उही’, ते पटाशीसारखं. त्यानं कातडीत चर पडायचे. बोट फिरवलं तर हाताला लागेल असं काम. तिथे ‘कोरीव गोंदण’ लिहा, एका विशेषणात भागतं.

आणि तुमचा फोटो नेमका कधीचा? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली ओल्या काचेची पद्धत, म्हणजे कलोडियन, ही निळ्या आणि जांभळ्यापलीकडच्या प्रकाशालाच दाद द्यायची. त्यात मोकोचा निळसर-हिरवा रंग कातडीइतकाच उजळ उमटायचा आणि रेघा गायब. माणूस समोर बसलाय, चेहराभर मोको आहे आणि काचेवर कोरा चेहरा! न्यूझीलंडचे छायाचित्रकार मायकेल ब्रॅडली यांनी २०१८ मध्ये ‘पुआकी’ नावाच्या प्रदर्शनात मुद्दाम हेच केलं. त्याच माणसाचा एक फोटो ओल्या काचेवर, एक आजच्या कॅमेऱ्यानं, शेजारी शेजारी. आपल्याकडच्या आज्यांचं हिरवं गोंदणही त्या काचेवर असंच विरलं असतं.

शिंपले:
गारगोटीताई, हे लेखातच घेते. माझा फोटो नंतरचा आहे, रेघा स्पष्ट दिसतात.

आता चौथं चित्र, जे मी मघाशी सांगितलं नव्हतं. फ्रेंच चित्रकार पॉल गोगँचं, १८९१ सालचं, ‘इआ ओराना मारिया’. उजवीकडे लाल कापड नेसलेली मारिया, खांद्यावर बाळ, दोघांच्या डोक्यामागे बारीक प्रभावळ. डावीकडे दोन ताहितीयन बायका हात जोडून उभ्या. नाव गोगँनं चित्रातच लिहिलंय. इंग्रजीवरून ‘मारियाचा जयजयकार’ केलं तर कसंसंच वाटतं.

सांदण:
वसईकर आहे, म्हणून बोलतो. ‘इआ ओराना’ हा ताहितीतला रोजचा नमस्कार. आणि चित्राचं नाव म्हणजे देवदूताचं ते मारियेला केलेलं वंदन. आमच्या मराठी प्रार्थनेत ते ‘नमो मारिया’ असंच आहे, गोव्यात कोंकणीत ‘नमान मोरिये’. शेकडो वर्षं लोकांच्या तोंडी बसलेलं भाषांतर हाताशी असताना जयजयकार कशाला?

बोरकूट:
सांदण, क्या बात! आणि त्या दोन बायकांचे जोडलेले हात बघा. ती ढब गोगँनं ताहितीत पाहिलेली नाही. जावातल्या बोरोबुदूरच्या शिल्पपटांचे फोटो त्यानं युरोपातून बरोबर आणले होते, त्यातून ती उचलली. म्हणजे बौद्ध शिल्पातला नमस्कार, फोटोतून, ताहितीच्या नावाखाली, ख्रिस्ती चित्रात. ‘नमो’ तिथे दोन्ही अंगांनी लागू पडतं.

गोगँचंच दुसरं चित्र ‘पापे मोए’, १८९३. झऱ्याशी वाकून पाणी पिणारी व्यक्ती. तीही समोर पाहून काढलेली नव्हे, ताहितीतल्या पापीती गावच्या शार्ल स्पिट्झ या छायाचित्रकाराच्या फोटोवरून घेतलेली. ‘पापे’ पाणी, ‘मोए’ झोप. ‘निजलेलं पाणी’ म्हणता येईल.

गारगोटी:
गोगँबद्दल लेखात कौतुकच कौतुक नसेल अशी आशा आहे. तो पोचला तोवर मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना अंगभर झगे घालायला लावून पिढ्या झाल्या होत्या. त्यानं रंगवलेली ‘आदिम’ ताहिती बरीचशी त्याच्याच डोक्यातली, आणि तिथल्या कोवळ्या मुलींशी त्याचं वागणं नावं ठेवण्याजोगंच होतं. त्यामानानं मला कुकच्या दुसऱ्या सफरीतला चित्रकार विल्यम हॉजेस बरा वाटतो. तोही सोंग करतो, पण हवा आणि उजेड खरा रंगवतो. ग्वाल्हेरचा किल्लाही त्यानंच रंगवलाय, १७८० मध्ये तो भारतात आला तेव्हा.

शिंपले:
नाही, कौतुकाबरोबर ताशेरेही आहेत. हॉजेसचं १७७६ चं ताहितीचं चित्र घेतलंय. पाण्यात उतरलेल्या बायका, एकीच्या पार्श्वभागावर गोंदण, बाजूला लाकडी ‘तिई’. त्याला मूर्ती म्हणू की पुतळा? आणि ‘तापू’ला सोवळं म्हटलं तर?

पाटीपेन्सिल:
सोवळं जवळचं आहे, पण अर्धंच. सोवळ्याच्या समोर ओवळं असतं, आणि ओवळ्यात विटाळ येतो. तापूच्या समोर ‘नोआ’. नोआ म्हणजे विटाळलेलं नव्हे, नुसतं मोकळं, रोजच्या वापराचं. (गोगँच्या ‘नोआ नोआ’ या पुस्तकाच्या नावाशी याची गल्लत नको, तो ताहितीत सुगंधी.) मी तापूच ठेवून कंसाशिवाय पुढच्या शब्दात उलगडीन. तिईला मूर्ती म्हणा, पुतळा चौकातला वाटतो.

अवकाळी:
सगळं ठरलं, पण ङातूचं लिंग कुणी सांगेल का? तो, ती की ते?

दर्यावर्दी:
कापड ते, म्हणून ते ङातू. लगून ते. मोको तो. ईस्टर बेटावरच्या त्या दगडी मोआईला मात्र आमच्या घरात बायको ‘ती’ म्हणते, मी ‘तो’.

बोरकूट:
मोआई पूर्वजांचे, बहुतेक पुरुषांचेच. ‘तो’ घ्या. अनेकवचनही मोआईच.