आयर्लंडचा रग्बी संघ : ‘प्रजासत्ताक’, ‘संयुक्त’ की नुसतं ‘आयर्लंड’?

प्रश्न

क्रीडापानासाठी रग्बीच्या बातम्या मराठीत आणताना दर फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाच ठिकाणी अडायला होतं. ‘सिक्स नेशन्स’ स्पर्धेतल्या आयर्लंडच्या संघात बेलफास्टकडचे खेळाडूही असतात. बेलफास्ट तर उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये. मग या संघाला नुसतं ‘आयर्लंड’ म्हणायचं, ‘आयर्लंड प्रजासत्ताक’ म्हणायचं की ‘संयुक्त आयर्लंड’? आमच्याकडे तिन्ही छापून गेलेली आहेत. आणि ‘राष्ट्रीय संघ’ चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, नुसतं ‘आयर्लंड’ लिहा. बाकीची दोन्ही नावं चुकीची आहेत, पण दोघांची चूक वेगवेगळी आहे.

‘प्रजासत्ताक’ फुटबॉलमधून आलंय. तिथे खरोखरच दोन संघटना आहेत, बेलफास्टची १८८०ची आणि डब्लिनची १९२१ची. कित्येक वर्षं दोघीही आपापल्या संघाला ‘आयर्लंड’च म्हणायच्या आणि दोघीही अख्ख्या बेटावरून खेळाडू निवडायच्या. एकच खेळाडू दोन्ही ‘आयर्लंड’कडून खेळल्याची उदाहरणं आहेत. शेवटी १९५०च्या दशकात फिफाने स्पर्धांपुरतं ते नाव दोघींकडूनही काढून घेतलं आणि ‘आयर्लंड प्रजासत्ताक’ व ‘उत्तर आयर्लंड’ अशी वाटणी झाली. त्यामुळे फुटबॉलच्या बातमीत ‘प्रजासत्ताक’ लिहायलाच हवं, ते संघाचं नाव आहे. रग्बीत ते लिहिलं की बेलफास्ट, अँट्रिम, आर्माचे खेळाडू आपण एका शब्दात संघाबाहेर काढतो.

‘संयुक्त’ मला त्याहून जास्त खटकतं. वेगळ्या झालेल्या गोष्टी एकत्र आणल्या की आपण संयुक्त म्हणतो. इथे वेगळं कधी काही झालंच नाही. आयर्लंडचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना फेब्रुवारी १८७५मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडशी झाला, एकेका बाजूला वीस-वीस खेळाडू घेऊन. तेव्हा डब्लिनची एक आणि बेलफास्टची एक अशा दोन संघटना होत्या. १८७९मध्ये त्या एक झाल्या आणि आजची आयरिश रग्बी फुटबॉल युनियन उभी राहिली. बेटावर सीमारेषा आली १९२१ला. म्हणजे देशाची फाळणी झाली तेव्हा ही संघटना ४२ वर्षांची होती आणि ती तशीच एकसंध राहिली. जोडणी झालीच असेल तर ती १८७९ला, आणि तिचा सीमेशी काही संबंध नव्हता.

शेजारी कोरियाचं उदाहरण ठेवून पाहा. १९९१मध्ये जपानच्या चिबा शहरात जागतिक टेबल टेनिस स्पर्धेत उत्तर आणि दक्षिण कोरिया एक संघ करून उतरले. पांढऱ्या झेंड्यावर निळा द्वीपकल्प आणि राष्ट्रगीताऐवजी ‘आरिरांग’ हे लोकगीत. त्या संघाला ‘संयुक्त कोरिया’ म्हणणं अगदी बरोबर, कारण दोन सरकारांनी बोलणी करून तो जुळवला होता. आयर्लंडच्या रग्बी संघासाठी कुणालाही बोलणी करावी लागली नाहीत.

आणखी एक कारण आपल्या भाषेतलं आहे. ‘संयुक्त’ हा शब्द मराठी कानाला साधा राहिलेला नाही. ‘संयुक्त महाराष्ट्र’ म्हटलं की चळवळ आठवते, हुतात्मा चौक आठवतो, १९६० आठवतं. ‘संयुक्त आयर्लंड’ हीसुद्धा तिथली खरीखुरी राजकीय मागणी आहे, आणि उत्तरेतल्या मोठ्या लोकसंख्येला ती मान्य नाही. संघात त्या मागणीच्या बाजूच्या आणि विरोधातल्या, दोन्ही घरांतली मुलं खेळतात. संघाच्या नावातच मागणी घातली तर त्यातल्या अर्ध्यांच्या तोंडी आपण न बोललेलं वाक्य घालतो.

शंका

पटलं. पण ‘आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर’ असंही आपण लिहितच होतो की. तिथे ‘आयर्लंड’ म्हणजे बेलफास्ट सोडून उरलेलं. एकाच अंकात पान सातवर एक आयर्लंड आणि पान बारावर दुसरं, वाचकाने काय समजायचं?

उत्तर

हा खरा मुद्दा आहे, आणि ही गाठ मराठीने घातलेली नाही, मुळातलीच आहे. १९३७च्या घटनेच्या चौथ्या कलमात राज्याचं नाव आयरिश भाषेत ‘एरा’ आणि इंग्रजीत ‘आयर्लंड’ असं दिलंय. १९४९पासून ‘आयर्लंड प्रजासत्ताक’ हे कायद्याने त्या राज्याचं वर्णन ठरलं. नाव तेच राहिलं. ब्रिटिश सरकार मात्र कित्येक वर्षं ते नाव उच्चारायचं टाळत होतं, आधी ‘एरा’ म्हणायचं, मग ‘प्रजासत्ताक’. कारण सरळ होतं : ‘आयर्लंड’ म्हटलं की अख्ख्या बेटावरचा हक्क मान्य केल्यासारखं वाटायचं. १९९८च्या गुड फ्रायडे करारानंतर (उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवण्यासाठी झालेला शांतता करार) ती कुरबुर थांबली.

तेव्हा वराडकरांच्या बातमीत ‘आयर्लंड’ म्हणजे २६ परगण्यांचं राज्य, आणि रग्बीच्या बातमीत ३२ परगण्यांचं बेट. दोन्ही अधिकृत, दोन्ही बरोबर. (वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, म्हणून आपल्याकडे त्यांच्या बातम्या जास्त येत आणि ‘आयर्लंड’चा पहिला अर्थ जास्त रुजला.) वाचकाला अर्थ संदर्भावरून कळतो. २ मार्च २०११ला बंगळूरमध्ये केव्हिन ओब्रायनने ५० चेंडूंत शतक ठोकून इंग्लंडला हरवलं, तेव्हा आपण सगळ्यांनी ‘आयर्लंड जिंकलं’ असंच म्हटलं. तो क्रिकेटचा संघही अख्ख्या बेटाचाच आहे. वेस्ट इंडिज नावाचा देश नाही, म्हणून आपलं कधी अडलेलं नाही.

आणखी एक सूचना

‘अखिल आयर्लंड’ कसं वाटतं? ‘अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन’सारखं. त्यात राजकारण नाही, फक्त व्याप्ती आहे.

उत्तर

शब्द चांगला सुचवलात. ‘अखिल’मध्ये जोडण्याची मागणी नाही, ‘सगळीकडचे’ एवढंच आहे. पण एक अडचण आहे. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या तिथल्या मातीतल्या खेळांच्या सर्वोच्च विजेतेपदाचं नावच ‘ऑल-आयर्लंड’ आहे. तिथे परगणे एकमेकांशी खेळतात. ‘अखिल आयर्लंड संघ’ वाचून जाणकार वाचक त्या स्पर्धेकडे जाईल. म्हणून मथळ्यात नको. मजकुरात एकदा खुलासा करायचा असेल तर ‘अखिल आयर्लंड बेटाचा संघ’ चालेल, किंवा त्याहून साधं, ‘सीमेच्या दोन्ही बाजूंचे खेळाडू घेऊन खेळणारा’. एकदा सांगितलं की पुढे बातमीभर ‘आयर्लंड’ किंवा ‘आयरिश संघ’.

मूळ प्रश्नातलं राहिलेलं : ‘राष्ट्रीय संघ’ आणि ‘राष्ट्रगीत’

‘राष्ट्रीय संघ’ लिहायला माझी हरकत नाही. ‘सिक्स नेशन्स’मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगवेगळे खेळतात. त्यांतलं एकही सार्वभौम राज्य नाही, तरी राष्ट्र म्हणवून घेतात. मराठीतही ‘राष्ट्र’ हा शब्द ‘राज्या’पेक्षा सैल आहे, लोकांच्या आपलेपणाशी बांधलेला. ‘देशाचा संघ’ मात्र टाळा.

‘राष्ट्रगीत’ लिहिताना खरी काळजी घ्या, तिथे माणसं दुखावलेली आहेत. १९५४मध्ये बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर स्कॉटलंडशी सामना होता. ब्रिटिश राष्ट्रगीताला उभं राहायला दक्षिणेकडच्या खेळाडूंनी हरकत घेतली. त्यानंतर २००७पर्यंत बेलफास्टमध्ये आयर्लंडचा पूर्ण दर्जाचा सामना झालाच नाही. ज्या मैदानावर १९४८मध्ये वेल्सला हरवून आयर्लंडने पहिलं ग्रँड स्लॅम (म्हणजे त्या वर्षीच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकण्याचा मान) मिळवलं, तेच हे मैदान.

मग १९८७. पहिल्या विश्वचषकाच्या महिनाभर आधी उत्तरेतले तीन खेळाडू गाडीने डब्लिनला सरावाला निघाले होते. सीमेजवळ आयआरएने, म्हणजे उत्तरेतल्या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, एका न्यायाधीशाच्या गाडीवर बॉम्बस्फोट केला. न्यायाधीश आणि त्यांच्या पत्नी ठार झाले. समोरून येणाऱ्या खेळाडूंच्या गाडीलाही स्फोटाचा तडाखा बसला. नायजेल कार हा त्यांतला एक. त्याला इतकं लागलं की त्याचं खेळणं तिथेच संपलं. अशा दिवसांत न्यूझीलंडमध्ये सामन्याआधी कोणतं गीत लावायचं? डब्लिनचं लावलं तर उत्तरेतल्यांना परकं, लंडनचं तर दक्षिणेतल्यांना अशक्य. वेल्सविरुद्ध ‘द रोझ ऑफ ट्रॅली’ हे प्रेमगीत वाजवलं गेलं, आणि ते कुणालाच आवडलं नाही.

१९९५च्या विश्वचषकासाठी युनियनने फिल कूल्टर यांच्याकडून ‘आयर्लंड्ज कॉल’ लिहवून घेतलं. ते उत्तरेतल्या डेरी शहराचे. गाण्यात चार प्रांतांचा उल्लेख आहे, कोणत्याही राज्याचा नाही. आज डब्लिनमधल्या सामन्याला आधी प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत आणि मग हे गीत होतं, परदेशात फक्त हे. त्यामुळे परदेशातल्या सामन्याच्या छायाचित्राखाली ‘राष्ट्रगीत गाताना आयर्लंडचे खेळाडू’ असं लिहू नका. ‘संघगीत गाताना’ लिहा.

जाता जाता प्रांतांबद्दल. लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट हे चार (दिल्लीतल्या कॉनॉट प्लेसच्या नावातला कॉनॉट तो हाच). बातम्यांत ‘अल्स्टर’ म्हणजे उत्तर आयर्लंड असं सर्रास धरलं जातं. अल्स्टरचे परगणे नऊ, त्यांतले सहा उत्तर आयर्लंडमध्ये आणि डोनेगल, कॅव्हन, मोनाहन हे तीन प्रजासत्ताकात. २०१९च्या विश्वचषकातला कर्णधार रोरी बेस्ट अल्स्टरचाही आणि उत्तर आयर्लंडचाही. पण डोनेगलहून आलेला अल्स्टरचा खेळाडू उत्तर आयर्लंडचा नसतो. म्हणून ‘अल्स्टरचा’ एवढंच मूळ प्रतीत असेल, तर खेळाडूचा परगणा तपासल्याशिवाय ‘उत्तर आयर्लंडचा’ करू नका.