टर्बो गाडी: आधी इंटरकूलर की डाउनपाइप?

प्रश्न: दोन लिटर टर्बो पेट्रोल, स्टॉक ट्यून (कंपनीचीच इंजिन सेटिंग). ट्रॅकवर दोन-तीन लॅपनंतर ताकद पडते. आधी काय बदलू?

उत्तर १: इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग. हवा तापली की नॉक (इंधनाचा अवेळी स्फोट) वाढतो, ईसीयू (इंजिनचा संगणक) टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. ताकद तिथेच जाते. पण खरेदीआधी बूस्ट (टर्बोने तयार केलेला हवेचा दाब) कुठे गळतो का, हे पाहणारी लीक टेस्ट कराच. टर्बोच्या हवा घेणाऱ्या तोंडाला कॅप लावून हळूहळू १५ पीएसआयपर्यंत हवा भरा, जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे दिसले तर क्लॅम्प आवळा, होजला (रबरी नळीला) चीर असेल तर होजच बदला.

उत्तर २: सहमत. डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) नव्या ट्यूनसोबतच लावा, नाहीतर काही गाड्यांत बूस्ट मर्यादेबाहेर जातो. बूस्ट वाढवलात तर एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) स्पार्क प्लग, गॅप (ठिणगीची फट) साधारण ०.६ ते ०.७ मिमी. मोठ्या गॅपवर ठिणगी विझते, गाडी अडखळते.

प्रश्न: लॉगमध्ये (गाडी चालताना नोंदलेल्या ईसीयूच्या आकड्यांत) काय पाहू?

उत्तर १: इनटेक तापमान, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग करेक्शन (नॉकमुळे ईसीयूने किती टायमिंग मागे घेतलं), फुल थ्रॉटलचं हवा-इंधन मिश्रण. एकाच सिलिंडरला करेक्शन जास्त दिसलं तर आधी त्याचा प्लग काढून बघा.