आईच्या खालच्या दाढेसाठी ब्रिज की इम्प्लांट? सल्ला हवा

ओंजळ

नमस्कार. हा धागा आईसाठी काढतेय. वय ६१, कराडला असते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्यांवर आहे. मागच्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.८ आलं. बीपीची गोळी रोज.

खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ पाच महिन्यांपूर्वी काढावी लागली. तिचं रूट कॅनल तीन वर्षांपूर्वी झालं होतं. कॅप नंतर बसवू म्हणून राहिलं ते राहिलंच, आणि एके दिवशी चिक्की खाताना दाढ उभी चिरली. मला हे फार लागलंय, कारण त्या कॅपसाठी तिला पुण्याला आणायचं मीच पुढे ढकलत होते.

आता ती सगळं डावीकडून चावते. भाकरी आमटीत कुस्करून खाते, काकडी किसून घेते.

दोघांना दाखवलं. पहिले डॉक्टर म्हणाले ब्रिज करू: पुढचा दात आणि मागची दाढ तासायची, तिन्हींची मिळून झिरकोनियाची सलग कॅप, दहा दिवसांत काम संपेल, ३३ हजार. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या इम्प्लांट, म्हणजे हाडात टायटॅनियमची खुंटी बसवून तिच्यावर कॅप, साधारण साडेचार महिने, कॅपसकट ४५ हजार. पुढचा दात अगदी निरोगी आहे, कधी साधं फिलिंगही केलेलं नाही. मागच्या दाढेत मात्र जुनं मोठं चांदीचं फिलिंग आहे.

काढ-घाल करायचं काही नको, हे आईनं निक्षून सांगितलंय. आजीची वाटीत ठेवलेली कवळी तिच्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तुम्ही कुणी यातून गेला असाल तर सांगा. नुसतं "हे चांगलं, ते वाईट" नको, तुमच्याकडे काय झालं ते हवंय.

माळरान

माझा ब्रिज १४ वर्षं चालला. खालचीच दाढ, डावीकडची. बसवला तेव्हा वय ३८. पहिली दहा वर्षं तोंडात काही वेगळं आहे हे आठवायचंही नाही, ऊससुद्धा सोलून खाल्ला. मग मागच्या दाढेशी घाण वास यायला लागला. दुखत काहीच नव्हतं, म्हणून वर्षभर दुर्लक्ष केलं. ब्रिज कापून काढला तर कॅपच्या आत मागची दाढ पार किडलेली, ती वाचली नाही. पुढच्या दाताचं रूट कॅनल झालं. म्हणजे एका दाढेच्या जागी आता दोन दाढा नाहीत.

ब्रिजला दोष देत नाही. खोट्या दाताच्या खालून रोज दोरा फिरवायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. तुम्ही ब्रिज केलात तर बसवायच्या दिवशीच आईंना आरशासमोर उभं करून तो दोरा घालायला शिकवा. सुपरफ्लॉस म्हणून मिळतो. एक टोक कडक असतं, ते सुईसारखं खालून ओवायचं.

रानजाई

इम्प्लांट, वरची दाढ, चार वर्षं झाली. बसवताना दुखलं नाही, दाढ काढण्यापेक्षा सोपं वाटलं. पण वाट पाहणं फार झालं. वरच्या जबड्याचं हाड भुसभुशीत, शिवाय सायनस (नाकाशेजारची हवेची पोकळी) खाली उतरलेला, म्हणून आधी सायनस उचलून हाडाची भुकटी भरली. सगळं मिळून अकरा महिने लागले. खालच्या जबड्याला एवढं लागत नाही म्हणतात.

दुसऱ्या वर्षी कॅप किंचित हलायला लागली आणि माझी झोप उडाली. इम्प्लांट नव्हे, वरचा स्क्रू सैल झाला होता. दहा मिनिटांत घट्ट करून दिला.

गोदाकाठची_दंतवैद्य

ओंजळ, मी प्रॉस्थोडॉन्टिस्ट (कॅप, ब्रिज, कृत्रिम दात बसवणारी दंतवैद्य) आहे, नाशिकला १७ वर्षं प्रॅक्टिस करते. आईंचं तोंड मी पाहिलेलं नाही, त्यामुळे हे वाचून डॉक्टरांना काय विचारायचं तेवढं घ्या.

माझ्याकडे असा पेशंट आला की मी रिकाम्या जागेच्या आधी शेजारचे दात बघते. त्यांना आधीच रूट कॅनल किंवा कॅप असेल तर ब्रिज करताना नव्यानं फारसं काही गमवावं लागत नाही. दात कोरा असेल तर कॅप चढवायला त्याचं सगळीकडून एनॅमल तासावं लागतं, आणि एनॅमल पुन्हा येत नाही. तुमच्याकडे एक शेजारी कोरा आहे आणि एक डागडुजी केलेला. म्हणून दोन डॉक्टरांनी दोन सल्ले दिले. दोघांपैकी कुणी फसवतंय असं समजू नका.

शिवाय ब्रिजमध्ये तीन दातांचा भार दोघांच्या मुळांवर येतो. पुढचा दात म्हणजे उपदाढ, तिला बहुधा एकच मूळ असतं. चालतं, अनेकांचं वर्षानुवर्षं चालतं, पण माळरान यांनी लिहिलं तशी कीड आत शिरली तर ती लपून वाढते.

इम्प्लांटला कीड लागत नाही. हिरडी मात्र सुजू शकते, आणि ती सूज खाली उतरली की आधार देणारं हाड झिजतं. मधुमेहात हा धोका जास्त. ७.८ म्हणजे "नाहीच" असं नाही, पण मी स्वतः शस्त्रक्रियेसाठी आकडा ७ च्या आसपास येईपर्यंत थांबते. दोन-तीन महिने गेले तरी चालतील. फार लांबवू मात्र नका. दाढ काढल्यावर त्या जागेचं हाड पहिल्या वर्षातच सगळ्यात जास्त आक्रसतं, मागची दाढ पुढे कलते आणि वरची दाढ खाली उतरायला लागते. मग कॅपला उंचीच उरत नाही.

सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन झालाय का? खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेणारी नस खालच्या जबड्याच्या हाडातूनच जाते. इम्प्लांटचं टोक आणि नस यांच्यात निदान २ मिमी अंतर हवं. साध्या एक्स-रेवर हाडाची रुंदी कळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आईंनी कधी औषध घेतलंय का? आठवड्याला एकदा घ्यायची गोळी, किंवा वर्षातून एकदा शिरेतून, सहा महिन्यांनी त्वचेखाली दिलं जाणारं इंजेक्शन? या औषधांवर असताना जबड्याची जखम क्वचित भरून येत नाही, हाड उघडं पडतं. पेशंट हे दाताच्या डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण गुडघ्या-कमरेच्या औषधाचा दाताशी संबंध असेल असं वाटत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा, आणि मनानं बंद करू नका.

चंद्रमौळी

मधेच विचारतो, माफ करा. मुलगी १६ वर्षांची, वरचा पुढचा एक दात जन्मतःच आलेला नाही. ब्रेसेस संपत आल्यात. इम्प्लांट आत्ता होईल का?

गोदाकाठची_दंतवैद्य

नको. जबड्याची वाढ थांबेपर्यंत थांबा. शेजारचे दात वाढीबरोबर खाली सरकतात, इम्प्लांट हाडात जखडलेला असल्यानं जागच्या जागी राहतो आणि तो दात आखूड दिसायला लागतो. तोपर्यंत मेरीलँड ब्रिज विचारा: खोट्या दाताला मागे एक पातळ पंख असतो, तो शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला चिकटवतात. तासणं जवळपास नाहीच. पुढच्या दातांना हा फार छान पर्याय आहे, काही जण तोच कायम ठेवतात. दाढेला तो पुरत नाही.

हुरडा_पार्टी

खर्चाबद्दल लिहितो. माझ्या वडिलांच्या दोन कॅप आणि एक ब्रिज मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात झालं, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात. मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. पदव्युत्तर विद्यार्थी काम करतात आणि प्रत्येक टप्प्यावर सर येऊन तपासतात. बाहेरच्या मानानं खर्च फारच कमी आला, पण फेऱ्या नऊ झाल्या. कराडहून दर वेळी येणं आईंना झेपेल का ते बघा. मेडिक्लेममध्ये बहुतेक पॉलिसी अपघात सोडला तर दाताचं काही देत नाहीत, तरी आपली एकदा वाचून घ्या.

सोनचाफा_कुडाळ

एक कळकळीची विनंती. बाजारात, जत्रेत "एका तासात फिक्स दात" बसवून देणारे असतात, त्यांच्याकडे कुणीही जाऊ नका. माझ्या मावशीला त्यांनी प्लास्टिकचा दात तारेनं शेजारच्या दातांना बांधून वर मसाला थापून दिला. सहा महिन्यांत हिरडी सडली आणि दोन चांगले दात गेले. डॉक्टरांची राज्य दंत परिषदेत नोंदणी आहे का हे विचारण्यात संकोच कसला?

आणि घरात कुणी मिश्री लावत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. माझ्या सासूबाईंनी लपवलं होतं. तंबाखूच ती. आधी मिश्री सोडा, मग इम्प्लांटचं बोलू, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी खरंच सोडली. चाळीस वर्षांची सवय होती.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरताई, तुमचा प्रश्न वाचून लगेच आईला फोन केला. "अगं हो, दोन वर्षांपूर्वी कंबर धरली होती तेव्हा हाडाच्या डॉक्टरांनी सलाईनमधून एक इंजेक्शन दिलं होतं." फाईल काढायला लावली. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, एकदाच. पुढच्या वर्षी ती गेलीच नव्हती. दोन्ही दंतवैद्यांपैकी कुणालाही हे माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. आता काय करू? इम्प्लांट बादच का?

गोदाकाठची_दंतवैद्य

घाबरू नका. हाडांच्या ठिसूळपणासाठीचा एकच डोस, तोही दोन वर्षांपूर्वीचा, म्हणजे धोका कमी असतो. कर्करोगात हेच औषध वारंवार देतात, तिथलं गणित वेगळं. शिवाय पाच महिन्यांपूर्वी दाढ काढली ती जखम नीट भरलीय, हे चांगलं लक्षण आहे. पण तो कागद दंतवैद्यांना दाखवा, हाडाच्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं होऊ दे, आणि पुढचा डोस द्यायचा असेल तर त्याची वेळ दोघांनी मिळून ठरवू दे.

इम्प्लांटच ठरला तर कॅप सिमेंटनं चिकटवण्याऐवजी स्क्रूनं बसवता येते का ते विचारा. रानजाई यांच्यासारखं कधी सैल झालं तर न तोडता उघडता येते, आणि जास्तीचं सिमेंट हिरडीखाली अडकण्याची भीती राहत नाही. कंपनी, माप आणि बॅच नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना तोच स्क्रू उघडायचा असेल तर ते लागतं.

माळरान

इम्प्लांट टिकतो किती वर्षं?

गोदाकाठची_दंतवैद्य

तोंड स्वच्छ असेल तर दशकं. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं ते सशाच्या पायाच्या हाडावर प्रयोग करताना. माणसाला त्यांनी पहिल्यांदा १९६५ मध्ये इम्प्लांट बसवले, आणि त्या रुग्णानं ते पुढे चाळीस वर्षं, मरेपर्यंत वापरले. वरची कॅप मात्र मधे एखादी बदलावी लागू शकते. साखर वाढलेली आणि वर्षावर्षात तपासणी नाही, अशा तोंडात याच्या निम्म्या काळाचीही हमी मी देणार नाही.

ओंजळ

अडीच महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

एचबीएवनसी ७.१ वर आलं. आईनं रात्रीचा भात सोडला आणि प्रीतिसंगमावर रोज फिरायला जायला लागली. दंतवैद्य आणि हाडाचे डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले. स्कॅनमध्ये नसेच्या वर १४ मिमी हाड मिळालं, रुंदीही पुरेशी.

कागद, आकडे सगळं तिच्यासमोर ठेवलं आणि तिलाच विचारलं. ती म्हणाली, "जो दात मला पन्नास वर्षं पुरला, त्याला कशाला तासायचं? त्यानं काय केलंय?" म्हणून इम्प्लांट. मागच्या चांदीच्या फिलिंगच्या दाढेत बारीक चीर दिसली, तिच्यावर वेगळी कॅप आधीच बसवून घेतली. या वेळी मी एक दिवसही पुढे ढकललं नाही.

मंगळवारी १० मिमीचा इम्प्लांट बसला. पाऊण तास लागला. ओठ-हनुवटीला बधिरपणा राहिलेला नाही, हे मी संध्याकाळपर्यंत चार वेळा विचारलं. कार्ड घेतलंय, तिच्या पेन्शनच्या फाईलमध्ये लावलंय. टाके पुढच्या मंगळवारी निघतील, कॅपचं माप तीन महिन्यांनी. सध्या मऊ खिचडी आणि ताक चालू आहे. भाकरी कधी, हे ती रोज विचारते.