'संशोधन' म्हणजे शोध की दुरुस्ती?

कोपरखैरणेकर
वाशीच्या एका कॉलेजात शिकवते. इतिहास, मराठी, रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र अशा चार विभागांचं मिळून एक दिवसाचं चर्चासत्र ठरलंय आणि पोस्टरचं काम माझ्या गळ्यात आलंय. मी लिहिलं, 'मानव्यविद्या आणि निसर्गविज्ञानांतील संशोधन'. आमचे हिंदीचे सर म्हणाले, "मॅडम, संशोधन तो संविधान में होता है. शोध लिखिए, या अनुसंधान." तेव्हा हसण्यावारी नेलं, पण ठाणे लोकलमध्ये बसल्यावर डोक्यातून जाईना. संशोधनातलं 'शोधन' आणि आपला 'शोध' एकच का? आणि शोधकार्य, शोधार्थी हे शब्द हल्ली मराठीतही दिसतात. घ्यावेत का?

खारघर
ताई, आमच्या प्रयोगशाळेत यातलं काहीच कुणी बोलत नाही. "सध्या कशावर काम चाललंय?", "रन लावलाय", "पेपर परत आला". संशोधन हा शब्द निधीच्या अर्जात असतो, आणि आई शेजारच्या काकूंना माझ्याबद्दल सांगते तेव्हा.

नौपाडा
आयुष्य मुद्रितं, म्हणजे छपाईची प्रुफं, तपासण्यात गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

सरांचं चुकलेलं नाही. धातू 'शुध्', म्हणजे शुद्ध होणे. त्याचं प्रयोजक रूप 'शोधयति', म्हणजे शुद्ध करतो. हिंदीने संशोधन त्या अर्थाजवळच ठेवला, म्हणून तिकडे 'संविधान संशोधन'. आपण त्याला घटनादुरुस्ती म्हणतो, त्यामुळे हा शब्द दुसऱ्या कामाला मोकळा राहिला. गुजराती आणि कन्नडमध्येही तो आपल्याच अर्थाने चालतो. बंगालीत मात्र संशोधन म्हणजे दुरुस्तीच. अभ्यासाच्या कामाला ते 'गवेषणा' म्हणतात. गवेषणा म्हणजे मुळात गायी हुडकणे. रानात चुकलेलं गुरू शोधायला गेलेला गुराखी हा पहिला संशोधक, असं मानायला माझी हरकत नाही.

पण शुद्ध करण्याचा अर्थ मराठीतून गेला असं समजू नका. माझा धंदाच मुद्रितशोधनाचा. वैद्य पारा शोधतात तेव्हा तो कुठे हरवलेला नसतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्याबद्दलच्या ओव्यांत 'शोधूनियां' आणि 'प्रतिशुद्ध' हे शब्द एकाच ओवीत येतात. तिथलं शोधणं तांदूळ निवडण्यासारखं आहे: खडा कुठला, दाणा कुठला. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने 1910 मध्ये पुण्यात मंडळ निघालं, त्याचं नाव भारत इतिहास संशोधक मंडळ. 1917 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आलं, आणि तिथे 1919 ते 1966 महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या ताडून पाहायच्या, मागाहून घुसलेले श्लोक वेगळे काढायचे. (चिकित्सक शब्दाची गंमत निराळीच. आवृत्ती चिकित्सक असली तर कौतुक, सासूबाई असल्या तर पंचाईत.)

तेव्हा संशोधनच ठेवा. शोध लागतो, लावतात, घेतात. संशोधन 'लागत' नाही, ते करावंच लागतं. आणि शोधार्थी म्हटलं की मला हरवलेल्या माणसाच्या शोधार्थ निघालेले नातेवाईक दिसतात.

ऐरोली
मी दर रविवारी खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मोजतो. वहीत सात वर्षांच्या नोंदी आहेत. काकांच्या व्याख्येत हे संशोधन होतं का? मित्र म्हणतात, "साहेब संशोधन करतात", आणि मला उगाच लाजल्यासारखं होतं.

खारघर
नोंद म्हणजे निरीक्षण. ते लहान नाही, पण अजून संशोधन नाही. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की रोहित उठून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळांवर येतात. तुम्ही ओहोटीला ऐरोलीत मोजलेत, दुसऱ्या कुणी भरतीला नेरूळला मोजले, आणि दोन्ही आकडे मिळवले, तर तोच थवा दोनदा धरला जातो. भरती-ओहोटीच्या वेळा लावून ती दुबार मोजणी वजा करायला बसाल तेव्हा खुशाल संशोधन म्हणा. काका, हे लिहिताना लक्षात आलं की हेही तुमचं खडे निवडणंच झालं. आमच्याकडे याला डेटा क्लीनिंग म्हणतात आणि ते काम नेहमी सगळ्यांत ज्युनियरच्या माथी मारतात.

नौपाडा
इतिहासातही नेमकं हेच. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखात केसिदेव राजाचं नाव आहे. तो शिलाहार घराण्यातला, म्हणजे आपल्या ठाण्याचा, तेव्हाच्या श्रीस्थानकाचा. शकाचा आकडा काहींनी 934 वाचला, काहींनी 1132. म्हणजे इसवी सन 1012 किंवा 1210. आकडा बदलला की राजाही बदलतो, कारण केसिदेव दोन झाले. मराठीतला जुन्यात जुना शिलालेख कोणता, हा वादही त्याच आकड्यावर फिरतो. दगड केव्हाच सापडला, त्याचा शोध संपला. संशोधन चालू आहे.

कोपरखैरणेकर
हे चर्चासत्रात सांगायला याल का, काका? आता दुसरा वाद. रसायनशास्त्राच्या मॅडमना 'निसर्गविज्ञान' नको, 'नैसर्गिक शास्त्रे' हवं. इतिहासवाले म्हणतात, मग आम्ही काय अशास्त्रीय?

खारघर
शास्त्र नको. पाकशास्त्र, धर्मशास्त्र, वास्तुशास्त्र सगळं त्यात येतं. 'शास्त्रीय' म्हटलं की अर्ध्या लोकांना तंबोरा ऐकू येतो.

नौपाडा
विज्ञानही वाटतं तितकं सरळ नाही. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात विज्ञान म्हणजे प्रपंचाचं ज्ञान, आणि त्या प्रपंचालाच खरं मानणं म्हणजे अज्ञान. रसायनवाल्यांना हे सांगू नका. शास्त्राचं म्हणाल तर माणसांची नावं बघा: रसायनवाला शास्त्रज्ञ, अर्थशास्त्राचा अर्थशास्त्रज्ञ, पण राज्यशास्त्राचा मात्र बहुतेकदा 'अभ्यासक'. यात नियम शोधू नका, रुळलेलं आहे. पोस्टरवर निसर्गविज्ञान ठीक.

ऐरोली
'गूगलवर संशोधन केलं' हे चालतं का? सोसायटीच्या ग्रुपवर कालच एकाने पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलंय.

खारघर
ती चौकशी. फार तर शोधाशोध.

गृहीतकाचंही एकदा ठरवून टाका. आमचे काही जण जे तपासायचंय त्यालाही गृहीतक म्हणतात आणि जे न तपासता धरून चाललोय त्यालाही. म्हणजे वादी आणि न्यायाधीश एकच. तपासायचंय त्याला अभ्युपगम असा शब्द आहे, पण तो उच्चारला की वर्ग झोपतो. मी परिकल्पना म्हणते.

नौपाडा
परिकल्पना हिंदीतून आली, तरी घ्या. उपयोगाची आहे. गृहीतक फक्त धरून चालण्यासाठी ठेवा.

कोपरखैरणेकर
पोस्टर संशोधनावरच ठरलं. हिंदीच्या सरांनी सही केली, वर "तो संविधान का क्या करोगे?" असंही विचारलं. मुद्रित आलंय, आणि त्यात 'मानव्यविद्या'ची 'मानवविद्या' झालीय. बाकीचं तुमच्याकडे पाठवू का, काका?

नौपाडा
पाठवा. फोनवर नको, कागदावर. लाल पेन आहे अजून.