मदत हवी आहे: दळी जमिनीचा वनहक्क दावा फेटाळला

आम्ही रायगडचे कातकरी. इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने जंगल राखीव केलं, तेव्हापासून आमची नाचणी-वरी त्यांच्या मर्जीवर. दळी, म्हणजे जंगलात कसायला दिलेली जमीन, मिळाली तीही नाईकाच्या (आमच्या गटाच्या म्होरक्याच्या) नावावर. पणजोबांचं नाव कागदावर नाहीच. त्याची शिक्षा आम्हाला का?

उपविभागीय समितीने ‘पुरावा अपुरा’ म्हणून दावा फेटाळला. ग्रामसभेचा ठराव, जागेचा पंचनामा, दोन म्हाताऱ्यांचे जबाब जोडले होते. वनहक्क नियम 13 मध्ये वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, तो का धरला नाही हे पत्रात नाही.

निर्णयाला 20 दिवस झाले, जिल्हा समितीकडे अपिलाची मुदत 60 दिवसांची. वकील परवडत नाही.

दळीचं जुनं रजिस्टर कोणी मिळवलंय का? वनखात्याकडे मागायचं की जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात? अर्जात काय लिहिलंत?