शिशिओदोशीत मोटर नसते

क्योतोच्या शिसेन्दो या मंदिराच्या बागेत 'टोक्' आवाज करत पाण्याने वरखाली होणारी बांबूची नळी आहे, तीच शिशिओदोशी. तिच्यात मोटर आहे का, असं बरेच जण विचारतात. नाही, नुसता तोल आहे. नळीचं पुढचं तोंड तिरकं कापून उघडं ठेवतात, मागचं बंद. आतला, गाठीपाशी असतो तो मधला एक पडदा शाबूत असतो, म्हणून पाणी पुढच्याच भागात साठतं. रिकामी असताना शेपटी जड, म्हणून तोंड वर. पाणी भरलं की तोंड खाली जातं, पाणी सांडतं आणि शेपटी दाणकन दगडावर आपटते. मुळात हे रानडुकरं, हरणं पळवायला होतं.

घरी करताना दोन चुका हमखास होतात. धार जोरात सोडली तर नळी धड रिकामी होत नाही, तोंड खालीच राहतं. बोटभर धारसुद्धा जास्त, करंगळीहून बारीक ठेवा. दुसरी, नळी ज्यावर झुलते त्या आसाची जागा चुकते. आधी दोरीवर नळी तोलून बघा, मगच भोक पाडा. वाळल्यावर बांबू तडकतोच, तो बदलायचा.

क्योतोला गेलात तर कुंपणंही निरखा. योत्सुमेगाकी म्हणजे चौकटीचं विरळ कुंपण; त्याचे उभे बांबू गाठीच्या लगेच वर कापलेले दिसतील. गाठीचा पडदाच झाकण होतो. दोन गाठींच्या मधोमध कापला तर पोकळीत पावसाचं पाणी साचून बांबू वरून कुजतो. खिळ्यांऐवजी माडवर्गीय झाडाच्या काथ्याची, काळी रंगवलेली दोरी. ती भिजवून बांधतात, वाळली की आवळते.